सीपी चेअर : आजीच्या वापरातून दिसलेले गुणदोष

सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूतील बिघाडामुळे स्नायूंवर पुरेसा ताबा नसणे) असलेल्या आमच्या मुलासाठी आम्ही पुढे ट्रे असलेली सीपी चेअर, म्हणजे अशा मुलांना नीट आधार देऊन बसवणारी खुर्ची, घेतली. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे दिवसभर ती हाताळतात त्या माझ्या सासूबाई. म्हणून हा अभिप्राय त्यांच्या सोयी-गैरसोयी ध्यानात ठेवूनच लिहिला आहे.

सर्वांत मोठा फरक जेवणात पडला. पूर्वी सासूबाई नातवाला मांडीवर आडवे घेऊन भरवत. परंतु गिळण्याच्या स्नायूंवर पुरेसा ताबा नसलेल्या मुलाची मान मागे कलली की घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो, आणि त्याला सारखा ठसका लागत असे. या खुर्चीत कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात राहतात, मांड्यांमधल्या गादीच्या ठोकळ्यामुळे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत नाहीत आणि हनुवटी किंचित खाली झुकलेली राहते. सासूबाई समोर स्टुलावर बसतात, मऊ वरणभाताचा चमचा खालून वर आणतात, जिभेवर हलकेच दाबतात आणि त्याने गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा घास उचलत नाहीत. पद्धत थेरपिस्टनी शिकवली हे खरे, पण दुखऱ्या गुडघ्यांनिशी ती रोज, प्रत्येक जेवणाला, न कंटाळता त्याच पाळतात, आणि मुलाच्या प्रगतीचे मोठे श्रेय मी त्यांनाच देते.

दोष मात्र गंभीर आहेत. छातीच्या पट्ट्याचे बकल इतके घट्ट आहे की संधिवाताने आखडलेल्या बोटांना ते एका झटक्यात उघडत नाही. मुलाला उलटी झाली किंवा आकडी (फिट) आली, तर हा विलंब परवडणारा नाही. आम्ही त्या जागी रुंद वेल्क्रो शिवून घेतला, तोही थेरपिस्टना दाखवूनच. रेक्झिनवर उन्हाळ्यात पाठ घामाने भिजते, त्यावर सुती चादर पुरते. माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे आणि दुकानदाराने सर्व काही आम्हा आईवडिलांनाच समजावले; जिच्या हातात खुर्ची राहणार, तिला एक शब्दही विचारला नाही, याचे मला फार वाईट वाटले.

४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबांनी विकत घेण्यापूर्वी दिव्यांगांना सहायक साधने मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत चौकशी करावी. विकतच घ्यायची असेल, तर आजीला दुकानात सोबत न्यावे आणि बकल तिच्याकडूनच लावून-काढून पाहावे.