डॉप्लर कुठे करावा: मोठ्या सेंटरमध्ये की फीटल मेडिसिनवाल्यांकडे?

प्रसूतीच्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठीवर 'ग्रोथ स्कॅन विथ डॉप्लर' (म्हणजे बाळाची वाढ आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह बघणारी सोनोग्राफी) लिहून दिलं की प्रश्न उरतो तो फक्त कुठे करायचा हा. बायकोचं बीपी सातव्या महिन्यात वाढायला लागलं तेव्हा पुण्यात आमच्यापुढे दोन पर्याय होते. एक मोठं डायग्नॉस्टिक सेंटर, रक्ताच्या तपासणीपासून एमआरआयपर्यंत सगळं असणारं. दुसरं, फक्त फीटल मेडिसिन, म्हणजे पोटातल्या बाळाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं छोटं क्लिनिक. आम्ही दोन्हीकडे गेलो, त्यामुळे जे लिहितोय ते अनुभवाचं आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

सोयीच्या बाबतीत सेंटर सरळ पुढे. ऑफिस सुटल्यावरही नंबर मिळतो, पार्किंग आहे, लिफ्ट आहे, घरी पोचेपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर येतो. मशीन कोणत्या कंपनीचं, यात फार अडकू नका. आम्हाला तरी दोन्हीकडे फरक जाणवला नाही. फॉर्म एफ (गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली भरायचा फॉर्म) आणि ओळखपत्र दोन्हीकडे लागतंच. नवऱ्याला आत घेतात की नाही हे मात्र जागेगणिक बदलतं, तेव्हा आधी फोनवर विचारलेलं बरं.

माझं मत फिरलं ते एका गोष्टीमुळे: तारीख. एनटी स्कॅनला, म्हणजे पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत, बाळाच्या लांबीवरून प्रसूतीची तारीख 14 ऑगस्ट ठरली होती. सेंटरच्या पहिल्या रिपोर्टात ती 27 ऑगस्ट झाली. पुढच्या खेपेला डॉक्टर वेगळे होते आणि तारीखही वेगळी, आणखी पुढची. सासूबाईंना हायसं वाटलं, "बरं झालं, दिवस पुढे गेले, बाळ अजून भरेल." खरं तर दिवस कुठेच गेले नव्हते. त्या दिवशीच्या डोक्याच्या, पोटाच्या, मांडीच्या हाडाच्या मापावरून सॉफ्टवेअर वय काढतं आणि त्यावरून नवी तारीख छापतं. बाळ वाढीत मागे असेल तर ते लहान आहे असं म्हणण्याऐवजी कागद म्हणतो की त्याचं वयच कमी आहे. ज्या गोष्टीसाठी स्कॅन करायचा, नेमकी तीच झाकली जाते.

डॉप्लरच्या आकड्यांनाही याचा फटका बसतो. नाळेतल्या रक्तवाहिनीचा पीआय (रक्ताला किती अडथळा होतो ते दाखवणारा आकडा) आठवडे वाढतात तसा उतरत जायला हवा. 28 आठवड्यांना चालून जाणारा आकडा 36 ला जास्त ठरू शकतो. वय चुकीचं धरलं तर पुढचं 'नॉर्मल'ही कशाच्या तुलनेत, असा प्रश्न पडतो. सेंटरच्या रिपोर्टात आकडे नीट होते, खाली 'नॉर्मल डॉप्लर' असंही लिहिलेलं होतं, पण मागच्या स्कॅनचा उल्लेख एका ओळीतही नव्हता. आमची फाइल मी टेबलावर ठेवली होती. ती कुणी उघडली नाही.

क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी फाइल आधी मागितली. एनटीची तारीख मशीनमध्ये घातली आणि बाळाची मापं त्या तारखेच्या आलेखावर ठेवली. मग नाळेवर प्रोब धरून त्या थांबल्या. बाळ श्वासाच्या हालचाली करत होतं, तेवढ्यात मोजलं तर लाटा वरखाली येतात, म्हणून ते शांत होईपर्यंत त्या गप्प बसून राहिल्या. नंतर स्क्रीन आमच्याकडे वळवून लाटा दाखवल्या: दोन उंचवट्यांमधली जागा तळाच्या रेषेच्या वर राहायला हवी. ती रेषेला टेकली, किंवा खाली गेली, तर वारेतला अडथळा बराच वाढलाय असं समजायचं. आमची वर होती. मेंदूकडच्या रक्तवाहिनीचाही आकडा पाहिला, कारण रक्त कमी पडायला लागलं की बाळ ते आधी मेंदूकडे वळवतं. रिपोर्टात शेवटी लिहिलं होतं: बाळ लहान आहे, डॉप्लर ठीक आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा. मॅडमना पुढचं ठरवायला हेच हवं होतं.

क्लिनिकच्या अडचणीही सांगतो. अपॉइंटमेंट दोन-तीन दिवस मिळत नाही, दिलेली वेळ पाळली जाईलच असं नाही, आणि आमच्या वेळी फी सेंटरच्या जवळपास दीडपट होती. (बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र यातल्या कुठल्याच नंबरची वाट बघू नका, थेट प्रसूतीच्या हॉस्पिटलला जा.)

बीपी नाही, शुगर नाही, बाळाची वाढ बरोबर आहे, अशा वेळी सेंटरला माझी काहीच हरकत नाही. जोखीम नसलेल्या गरोदरपणात सरसकट डॉप्लर केल्याने फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जोखीम असेल तेव्हा मात्र नाळेच्या डॉप्लरमुळे बाळं वाचतात, हे बऱ्यापैकी सिद्ध झालेलं आहे. तशा वेळी, परवडत असेल तर, मी एकाच डॉक्टरांकडे पुन्हापुन्हा जाणं पसंत करीन.

तालुक्याच्या गावी फीटल मेडिसिनचे डॉक्टर बहुधा नसतातच. तिथे जवळचं सेंटर घ्या, पण पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट बरोबर न्या, आणि मॅडमना चिठ्ठीवर ठरलेली तारीख लिहून 'हीच धरावी' असा शेरा मारायला सांगा. शक्य असेल तर मागच्या वेळच्याच डॉक्टरांची ड्यूटी कधी आहे, हे काउंटरवर विचारून घ्या.