कार्निव्हल घ्यावी की ऑरीन?

जुन्या अमेरिकन काचेचं कलेक्शन सुरू करायचंय आणि कार्निव्हल की स्टूबेन कारखान्याची ऑरीन यात अडकलायत, तर फोटोवर अजिबात ठरवू नका. फोटोत दोन्ही सारख्याच झळाळतात, पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात ना तसे रंग, आणि ती झळाळी येतेही एकाच प्रकारे, काच गरम असतानाच धातूच्या क्षारांचा फवारा मारून. फरक कळतो तो हातात घेतल्यावर.

ऑरीन म्हणजे फ्रेडरिक कार्डर या काच-कारागिराचं काम. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावात 1903 ला स्टूबेन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सोनेरी ऑरीन आली, मग निळी. टिफनी कंपनीच्या फाव्रील या झळाळत्या काचेशी इतकी जवळ जाणारी की टिफनीने 1913 मध्ये कोर्टात खेचलं, पण पुढे केस मागे घेतली. हातानं फुंकलेली काच, तळाशी पॉन्टिलची (काम करताना तुकडा धरायच्या सळईची) जागा घासून गुळगुळीत केलेली असते. कॉर्निंगच्या म्युझियममध्ये कार्डरचं काम ओळीनं मांडलंय, पैसे खर्च करायच्या आधी तिथे एक अख्खा दिवस घालवाच.

कार्निव्हल साच्यात दाबून केलेली. फेंटन कारखान्याने 1907-08 च्या सुमारास सुरुवात केली, मग व्हीलिंग शहरातलं नॉर्थवुड, इम्पीरियल, मिलर्सबर्ग सगळे उतरले. 'कार्निव्हल' हे नाव तेव्हा नव्हतंच, ते खूप नंतर चिकटलं. पण साच्यातली म्हणून हलक्या दर्जाची समजू नका हां, साच्यातून निघालेला बाऊल गरम असताना कारागीर हातानं कडेला चुण्या पाडायचे, म्हणून एकाच डिझाइनचा बाऊल वेगळा, सपाट प्लेट वेगळी, आणि प्लेट बहुतेक वेळा महाग. मूळ रंग बघायचा तर तुकडा उजेडासमोर धरायचा, वरची झळाळी फसवते. मॅरिगोल्ड म्हणजे खाली पारदर्शक काच आणि वर केशरी झळाळी, ती सगळ्यात जास्त मिळते. जांभळी, निळी, हिरवी त्याहून कमी. लाल खरंच दुर्मीळ, सुरुवातीला तिच्या मागे लागू नका.

पैशाचं बोलायचं तर साधा मॅरिगोल्ड बाऊल वीस-पंचवीस डॉलरलाही मिळून जातो, ऑरीनची छोटी फुलदाणी म्हटली तरी काहीशे डॉलर धरून चाला.

आणि फसवणूक, इथे मी स्वतः पोळलोय. पहिली 'ऑरीन' एका विक्रेत्याकडून घेतली ती फक्त तळाची सही बघून. घरी भिंगाखाली बघितलं तर सहीची रेघ पांढरी, ताजी, आणि तळावरच्या जुन्या ओरखड्यांच्या वरून गेलेली, म्हणजे सही मागाहून कोरलेली. तेव्हापासून आकार, वजन आणि तळाचं घासकाम आधी बघतो, सही सगळ्यात शेवटी. कार्निव्हलमध्येही नंतर काढलेले तुकडे आहेतच, पण फेंटनने 1970 नंतरच्या मालावर लंबगोलात आपलं नाव घातलंय, जुन्यावर ते नसतं, त्यामुळे एवढं तरी लगेच कळतं. नॉर्थवुडच्या बऱ्याच तुकड्यांवर गोलात एन असतो, पण सगळ्यांवर नसतो.

कडेवरून बोट फिरवून बघायची सवय मात्र दोन्हीकडे लावा, टवका डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागतो. डिशवॉशरमध्ये तर यातलं काहीही टाकू नका.

मला विचाराल तर आधी वर्षभर कार्निव्हलच घ्या, तीही नॉर्थवुडची जांभळी, ग्रेप अँड केबल डिझाइनचा एखादा चांगला बाऊल. चुकलात तरी थोडक्यात निभावतं आणि डोळा तयार होतो. भारतात असाल तर अमेरिकेतून मागवण्याआधी फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचे झळाळीवाले जुने पेले शोधा, बाहेरचे कलेक्टर ते आवर्जून घेतात आणि आपल्याकडे जुन्या बाजारात कुणी वळूनसुद्धा बघत नाही. ऑरीन नंतर घ्या, एकच घ्या, आणि जिथे खोटी निघाली तर परत घेण्याची लेखी हमी मिळते तिथूनच घ्या.