गर्भाशयातलं कॅल्बिंडिन-डी९के: रॅट घ्यावा की माउस?

बिस्फेनॉल-ए (प्लास्टिकमध्ये वापरलं जाणारं एक रसायन) सारखी रसायनं इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी वागतात का, हे तपासायला रॅट (मोठा उंदीर) घ्यावा की माउस (छोटा उंदीर), असं एका संशोधक मैत्रिणीनं विचारलं. या तपासणीत गर्भाशयातलं कॅल्बिंडिन-डी९के हे कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन वाढलं का, ते बघतात. ते दोघांच्याही गर्भाशयात असतं, पण त्यावरचा हार्मोनचा ताबा वेगळा. रॅटमध्ये इस्ट्रोजेन ते वाढवतं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन ते दाबतं. माउसमध्ये मात्र प्रोजेस्टेरॉनच वाढवतं. माझ्या मते निवड इथेच ठरते, एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवणं घातक आहे. खर्च आणि जागा माउसला कमी.

इस्ट्रोजेनसदृश रसायन ओळखायचं असेल तर वयात न आलेली रॅटची मादी घ्यावी. प्रोजेस्टेरॉनचं काम किंवा जनुकबदल अभ्यासायचा असेल तर माउस.