कॉट बेसिसवर खोली घेण्याआधी हे वाचा: नवी पेठेतला आमचा अनुभव

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात येणाऱ्या आणि नवी पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागात कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका कॉटपुरतं भाडं देऊन, जागा शोधणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं, कारण डिपॉझिटचे पैसे बहुतेक वेळा गावाकडूनच येतात. आम्हाला ज्याने गंडा घातला तो माणूस अजून सापडलेला नाही, आणि त्याची पद्धत इतकी सोपी आहे की उद्या दुसरा कोणीही तेच करू शकतो.

जाहिरात साधी होती. अभ्यासिकेच्या जिन्यात चिकटवलेला कागद: ‘फक्त मुलांसाठी, कॉट बेसिस, २४ तास पाणी, वायफाय, गिझर, अभ्यासिकेपासून ५ मिनिटे. एजंट नाही, मालकाशी थेट बोला.’ खाली कात्रीने कापलेल्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर मोबाइल नंबर. हाच मजकूर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरत होता. गांजवे चौकापासून शास्त्री रोडपर्यंत विजेच्या खांबांवर, मेसच्या दारावर, झेरॉक्सच्या दुकानांबाहेर अशा जाहिराती कायम लागलेल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. माझी आधीची खोली मला अशाच पट्टीवरून मिळाली होती. ‘एजंट नाही’ एवढं वाचलं की विद्यार्थी थांबतो, कारण एजंटला एका महिन्याचं भाडं मोजावं लागतं. काही एजन्सीवाले तर नोंदणीच्या नावाखाली हजार-पंधराशे घेऊन मालकांच्या नंबरांची यादी हातात ठेवतात. त्यातला कुठलाही नंबर लावा, ‘खोली कालच गेली’ हेच उत्तर मिळतं. हा प्रकार आता बहुतेकांना माहीत झालाय, म्हणून जो तो थेट मालकाला शोधतो. या माणसाने नेमकं तेच हेरलं होतं.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, टू बीएचके. हॉल आणि दोन्ही खोल्या मिळून नऊ लोखंडी कॉट. पाच मुलं आधीच राहत होती. पाणी कसं येतं, मालक कसा आहे, असं त्यांना विचारलं, तर माणूस चांगला आहे म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं, त्यांना तोवर वाईट अनुभव आलाच नव्हता. खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, असं जो तो सांगतो. आम्ही सगळ्यांनी खोली बघितली होती. खोली खरी, कॉट खरी, नळाला येणारं पाणीही खरं. खोटं एवढंच होतं की ती भाड्याने द्यायचा त्याला काही अधिकारच नव्हता.

माणूस पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. प्रत्येकाला ‘सर’ म्हणायचा. मी लातूर जिल्ह्यातला म्हटल्यावर ‘आमची सासुरवाडी उदगीरचीच की’ म्हणाला. परभणीकडच्या मुलाला त्याने मामाचं गाव जिंतूर सांगितलं होतं आणि बार्शीच्या मुलाला आजोळ बार्शीजवळचंच सांगितलं होतं. हे आम्हाला फार नंतर, एकमेकांशी बोलताना कळलं.

भाडं महिना ३,८००, डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे ७,६००. मी करारनामा मागितला. त्यावर तो जे बोलला ते मी जवळपास शब्दशः देतोय, कारण हेच बोलणं तुम्हालाही ऐकायला मिळेल. ‘करार केला की नोंदणी, स्टॅम्प, वकील, दोन-तीन हजार तुमच्याच खिशातून जाणार, सर. शिवाय घर भाड्याने दिलंय असं दिसलं की महापालिका माझी मिळकतकराची सवलत काढून घेणार. मग तेवढं भाडं मला तुमच्यावरच वाढवावं लागेल. पेठेत करार कोणी करत नाही, विचारा कुणालाही.’

यात निम्मं खरं होतं, म्हणून ते पटायचं. घरमालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. राज्य सरकारने ती २०२३ साली कायम ठेवली आणि त्यासाठी लोकांनी घरात स्वतः राहत असल्याचे अर्ज (पीटी-३) भरले. घर भाड्याने दिलं की ही सवलत मिळत नाही. त्यामुळे कितीतरी खरे मालकसुद्धा करार करायचं टाळतात आणि विद्यार्थ्यांना साध्या पावतीवर ठेवून घेतात. मला या मालकांचाही राग येतो. करवसुलीतून वाचवलेल्या त्यांच्या पैशांच्या आडोशाला असे भामटे बिनधास्त उभे राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ५५ स्पष्ट सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे करार मागणारा विद्यार्थी आगाऊपणा करत नसतो.

पैसे दिल्यावर त्याने पावती दिली. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसलं पावतीपुस्तक, कार्बन घालून लिहिलेलं, त्यातली गुलाबी प्रत. वर ‘बॉईज हॉस्टेल’ असा जांभळा शिक्का, त्यात ना पत्ता ना नाव. ‘रु. ७६०० फक्त, डिपॉझिट’ आणि खाली एक वेलांटी काढल्यासारखी सही. ज्याच्याकडून घेतले त्याचं नाव होतं, ज्याने घेतले त्याचं कुठेच नव्हतं. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा नावही वेगळंच आलं. ‘मेव्हण्याचं खातं आहे, हिशोब तोच बघतो,’ म्हणाला.

त्यानंतर काही महिने काहीच बिघडलं नाही. गिझर बंद पडला तर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवायचा. पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘अभ्यास करा, भाडं नंतर द्या’ म्हणाला होता. याच काळात आमच्यातल्या दोघांनी आपापल्या गावाकडच्या मित्रांना त्याचा नंबर दिला.

मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पांढऱ्या टोपीतले एक काका, त्यांच्यासोबत विशीतला मुलगा. काकांच्या खांद्यावर दोरीने बांधलेली गादी, मुलाच्या हातात पत्र्याची पेटी आणि बादली. काकांनी खिशातून गुलाबी पावती काढून पुढे केली आणि विचारलं, ‘खिडकीजवळची कॉट कुठली हो?’ खिडकीजवळची कॉट माझी होती. मी म्हटलं, ‘काका, इथं मी राहतो.’ ते म्हणाले, ‘असं कसं? आम्ही परवाच भरलेत की पैसे. मालकानं स्वतः दाखवली ही जागा.’ आम्ही वर्गात असताना त्याने त्यांना खोली दाखवली होती. त्याला फोन लावला तर बंद. दुपारपर्यंत आणखी दोघं आली, तशाच पावत्या घेऊन. काका पेटीवर बसून राहिले. सोयाबीन विकून आणलेले पैसे होते ते, एवढंच एकदा बोलले. मुलगा त्यांच्याकडे बघत नव्हता. आम्ही त्यांना जेवायला मेसमध्ये घेऊन गेलो, पण दोघांनाही घास जाईना.

संध्याकाळी खरे मालक आले. कोथरूडला मुलाकडे राहणारे सत्तरीचे आजोबा. एवढी पोरं सामान घेऊन जिन्यात उभी दिसल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना फोन केला होता. त्यांनी हा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर एका कुटुंबाला दिला होता, नवरा, बायको आणि एक लहान मुलगी. तो नवरा म्हणजे आमचा ‘मालक’. त्यांचंही तीन महिन्यांचं भाडं थकलेलं होतं. आधी ते आमच्यावरच चिडले, ‘तुम्ही कोण? मी तुम्हाला ओळखतही नाही.’ आणि ते बरोबरच होतं. त्यांच्याशी आमचा काहीच व्यवहार झालेला नव्हता, डिपॉझिट त्यांच्याकडे मागायचा आम्हाला हक्क नव्हता. शेवटी त्यांनी महिनाअखेरपर्यंत राहू दिलं, हा त्यांचा चांगुलपणा.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्याच रात्री बसलो तेव्हा निम्मी मुलं तक्रार करायला तयार नव्हती. एकाची मुख्य परीक्षा तोंडावर होती. एकाला घरी कळू द्यायचं नव्हतं. एकजण म्हणाला, ‘साडेसात हजारांसाठी कोण चौकीच्या चकरा मारणार?’ या भामट्याचा सगळा धंदा याच वाक्यावर चालतो. त्याने एकाकडूनही पन्नास हजार मागितले नाहीत. प्रत्येकाकडून एवढेच घेतले की चटका बसेल, पण माणूस पोलिसांत जाण्याऐवजी दात-ओठ खाऊन गप्प बसेल. आम्ही वहीत एकाखाली एक नावं, तारखा, रकमा, यूपीआयचे व्यवहार क्रमांक लिहून काढले. आधी राहून गेलेली मुलं ग्रुपवरून शोधली, त्यांचंही डिपॉझिट ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणून अडकलेलं निघालं. बेरीज लाखाच्या पुढे गेली. ती बघितल्यावर ज्याची परीक्षा होती तोही सही करायला उठला.

मी एकटा गेलो तेव्हा चौकीत ‘हा तुमचा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा’ असं उत्तर मिळालं होतं. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज, व्यवहारांचा तक्ता आणि सोबत आजोबा, असे गेलो तेव्हा गुन्हा नोंदवला गेला. पूर्वी ४२० म्हणायचे तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो, १ जुलै २०२४ पासून. तुमच्यावर अशी वेळ आली आणि ठाण्यातून परत पाठवलं, तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने, वरिष्ठांकडे पाठवता येते, शहरात उपायुक्तांकडे, जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लगेच लक्षात आली, तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत बँकेला ते रोखता येतात. आमच्या बाबतीत खातं कधीच रिकामं झालं होतं.

तपासात दोन गोष्टी समजल्या. एक, त्या माणसाचं खरं नाव, फोटो आणि अंगठ्याचा ठसा पोलिसांना मिळाला तो फक्त आजोबांच्या नोंदणीकृत करारामुळे. आमच्या सगळ्या गुलाबी पावत्या एकत्र केल्या तरी त्यातून त्याचं साधं आडनाव निघत नव्हतं. दुसरी, ‘मेव्हण्याचं खातं’ हे मेव्हण्याचं नव्हतंच. ते आमच्याच वयाच्या एका कॉलेजच्या मुलाचं होतं. ‘विद्यार्थ्यांसाठी घरबसल्या कमाई’ अशी जाहिरात वाचून त्याने आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड महिना काही हजारांवर वापरायला दिलं होतं. खोलीच्या जाहिराती लागतात त्याच खांबांवर असल्या जाहिराती लागतात. त्याला आता ठाण्यात हजेरी द्यावी लागते. त्याचं खातं गोठलंय, आणि उद्या सरकारी नोकरी लागली तर चारित्र्य पडताळणीत हे प्रकरण वर येणार. आमच्या पैशांतलं त्याला फारसं काही मिळालंही नसेल. खातं वापरायला मागणारी जाहिरात दिसली तर कृपा करून तिच्या वाटेला जाऊ नका.

खोली घेताना काय बघायचं? मालक म्हणवणाऱ्याला विजेचं बिल किंवा मिळकतकराची पावती दाखवायला सांगा आणि त्यावरचं नाव त्याच्या आधारकार्डाशी जुळवा. जुळलं नाही तर मूळ मालकाशी त्याचा झालेला करार मागा, आणि पोटभाडेकरू ठेवायची परवानगी त्यात लिहिलीय का ते वाचा. पेठेत कॉट बेसिस चालवणारे बरेचजण मुळात भाडेकरूच असतात, त्यातले प्रामाणिक लोक हा कागद दाखवतात. जमलं तर सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन विचारा, फ्लॅट कुणाचा. आम्ही त्यांच्या घरावरूनच रोज जिना चढत होतो, आणि आम्ही भाचे-पुतणे आहोत असं त्या माणसाने त्यांना सांगून ठेवलं होतं. पैसे ज्याच्या नावावर जाणार तोच पावतीवर सही करणारा असला पाहिजे. करार करायचाच नाही म्हणाला तर खर्चाची अडचण सांगू देऊ नका. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे, नऊ जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला सव्वाशेही येत नाहीत.

‘लष्करात आहे, बदली झाली, गेटपाससाठी आधी पैसे पाठवा, भाड्यातून वळते करू’ म्हणणाऱ्यांना तर फोनवरच नकार द्या. न बघितलेल्या खोलीसाठी एक रुपयाही पाठवायचा नाही.

गुन्हा नोंदवला तेव्हा तक्रारदारांच्या यादीत आम्ही अठरा जण होतो. तपास अधिकाऱ्यांच्या मते त्याने याच पद्धतीने पेठेत आणखी एक फ्लॅट चालवला असावा, पण तिथलं कोणी अजून पुढे आलेलं नाही. ‘बॉईज हॉस्टेल’ एवढाच शिक्का असलेली, नाव-पत्ता नसलेली पावती तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाकडे असेल, तर ती फाडू नका. रक्कम कितीही असो, व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि पावती घेऊन तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात जबाब द्या. टोपीवाल्या काकांनी त्यासाठी गावाहून पुन्हा पुण्याला यायची तयारी दाखवली आहे.