निशी-कासाई की फुनाबोरी?

टोकियोत बदली झालेला मराठी माणूस घर शोधू लागला की सगळे एकच नाव सुचवतात, निशी-कासाई. सुचवणाऱ्यांचं चुकत नाही. आम्हीही आधी दोन वर्षं तिथेच होतो, आता चार वर्षं फुनाबोरीत आहोत. दोन्ही स्टेशनं एदोगावा वॉर्डातलीच, सायकलने जेमतेम बारा मिनिटांच्या अंतरावर. माझं ऑफिस कुदानशिता आणि जिंबोचोच्या मधे, त्यामुळे निशी-कासाईची तोझाई काय नि फुनाबोरीची शिंजुकु काय, दोन्ही मेट्रो लाईन मला थेट पडतात.

नव्याने येणाऱ्याला निशी-कासाई सोपं जातं. तिथल्या यूआर या निमसरकारी संस्थेच्या घरांना ना जामीनदार लागतो, ना की-मनी, म्हणजे घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम. फुनाबोरीत खासगी मालकाला आम्हाला महिन्याभराच्या भाड्याइतकी की-मनी मोजावी लागली. निशी-कासाईत कणीक, तूरडाळ, कढीपत्ता चालत जाऊन आणता येतो, भारतीय शाळा आहे, जिन्यावर मराठी कानावर पडतं. २०१९ मध्ये भारतीय वंशाचे योगेंद्र पुराणिक वॉर्डसभेवर निवडून आले ते याच वॉर्डातून. पहिल्या वर्षी बायकोला परकं वाटलं नाही ते या वस्तीमुळे, हे मी विसरलेलो नाही.

सकाळी तोझाईला गर्दी असते. २०१९ साली किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात ती क्षमतेच्या १९९ टक्के होती, देशात सर्वाधिक. डोंबिवलीहून ऑफिस गाठलेल्या मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. माझं मन उडालं ते फास्ट गाडीपायी. ती तोयोचोनंतर थेट उरायासुला थांबते, मधल्या निशी-कासाईला नाही. एका शनिवारी तोझाईवरच्याच, शहराच्या मध्यातल्या ओतेमाचीहून घाईत तीच पकडली. मुलगा खांद्यावर झोपलेला, हातात सामान. अराकावा नदीचा पूल ओलांडला आणि आमचं स्टेशन खिडकीतून सर्रकन मागे गेलं. रुळालगतच्या इमारतीत आमची बाल्कनी, दोरीवरचा मुलाचा पिवळा रेनकोटही दिसला. उरायासुला उतरून स्लो गाडीने परत निघालो, तर ती कासाईला दुसऱ्या फास्टला वाट देत उभी राहिली. पुढे बोर्ड वाचायची सवय लागली, तरी ‘आपली नाही’ म्हणून गाडी सोडताना दर वेळी जीव चडफडायचा.

फुनाबोरीला शिंजुकु लाईनची एक्सप्रेस थांबते. कुदानशिताला ती थांबत नाही, पण जिंबोचोला थांबते आणि तेवढं मी चालतो. स्टेशनसमोर ११५ मीटरचा टॉवर आहे, थंडीत स्वच्छ हवा असली की वरून फुजी दिसतो.

पुराची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच. वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून घर शक्यतो वरच्या मजल्यावर बघा.

ऑफिस ओतेमाचीला असेल, मूल शाळेच्या वयाचं असेल, तर निशी-कासाई कदाचित बरंच पडेल. आम्ही वाणसामान अजून तिथूनच आणतो. रविवारी सकाळी शिनकावाचा कालवा ओलांडून सायकलने जायचं आणि कणकेची पिशवी पुढच्या बास्केटमध्ये टाकून परतायचं.