टूरिंग स्की की स्प्लिटबोर्ड?

टिळकवाडीतल्या मित्राला गुलमर्गला अफरवटच्या रांगेत दोस्तांसोबत एकामागून एक माथे करायचेत. घोडं अडलंय साधनावर: टूरिंग स्की (चढताना टाच मोकळी सोडता येणारी स्की) घ्यावी की स्प्लिटबोर्ड (चढताना उभे दोन भाग होणारा स्नोबोर्ड)?

चढताना दोन्हींच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) चिकटवायची. खरा फरक माथ्यावर. स्कीवाला स्किन ओढून काढतो, टाच लॉक करतो, निघाला! स्प्लिटबोर्डवाल्याने बाइंडिंग (बूट अडकवायची पकड) काढायची, दोन फळ्या जोडायच्या, बाइंडिंग परत बसवायची, तेही गारठलेल्या बोटांनी, प्रत्येक माथ्यावर. तोवर बाकीचे वाऱ्यात ताटकळत. सपाटीवरही स्कीच सरस.

खर्च? स्नोबोर्डचे बूट असतील तर स्प्लिटबोर्डला सहसा तेच चालतात. स्कीला टूरिंगचे वेगळे लागतात.

बरेच माथे, मोठी टोळी असेल तर स्कीच घे. एकच माथा, खोल भुसभुशीत बर्फ आणि स्नोबोर्डची सवय असेल, तर स्प्लिटबोर्ड. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधून काढायला ट्रान्सीव्हर (सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं मात्र प्रत्येकाकडे हवंच.