टीव्हीला लॅनची वायर लावली त्याला आठ महिने झाले

फेब्रुवारीत राउटरपासून वरच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत इंटरनेटची वायर (लॅन केबल) नेली, आता ऑक्टोबर चालू आहे. घर नागपुरात मानेवाड्याकडे, दुमजली. राउटर खाली बैठकीत, टीव्ही वर, मधे जाड स्लॅब. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय (वेगवान, पण भिंतीत अडकणारं) वर पोचतच नव्हतं आणि २.४ गिगाहर्ट्झवर (लांब जाणारं, पण हळू) वेग कधी ४०, कधी ६ एमबीपीएस. मॅच ऐन शेवटच्या षटकात गोल गोल फिरायची. शेजारी ओरडले की आम्ही समजायचो, विकेट गेली.

गच्चीवरून वायर नेणं सोपं होतं. पण संक्रांतीला तिथे मांजाचा जो गुंता होतो तो नुकताच उपसला होता, म्हणून बाहेरच्या भिंतीने चढवून खिडकीतून आत घेतली. तयार केबल पंधरा मीटरची, कमी पडली. खिडकीपाशी कपलर (दोन केबल जोडायची छोटी डबी) बसवून पाच मीटरची दुसरी जोडली. इथेच माती खाल्ली, पण ते कळायला मे उजाडावा लागला.

त्याआधी वेगाने डोकं खाल्लं. प्लॅन २०० एमबीपीएसचा, टीव्हीवर ९४. केबल बदलली, राउटरचं पोर्ट बदललं, तरी ९४च. शेवटी टीव्हीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात सापडलं: लॅन १०/१००. म्हणजे टीव्हीचं पोर्टच जास्तीत जास्त शंभर एमबीपीएसचं. चांगल्या महागड्या टीव्हीतही हेच बघायला मिळतं, त्यामुळे राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वायरपेक्षा जोरात पळू शकतं. तशा घरात वायर ओढायच्या भानगडीत पडू नका. माझ्यासाठी ९४ भरपूर आहे. ४के साठी नेटफ्लिक्स स्वतःच १५ एमबीपीएस सांगतं. हे ९४ सकाळी, दुपारी, रात्री ९४च राहतं, मला तेच हवं होतं.

एप्रिलच्या शेवटी खिडकीला कूलर चढला. मेमध्ये रोज दुपारी टीव्ही रुसायला लागला. नेटवर्कच्या पानावर टीव्ही ते राउटर या रेघेवरच फुली. सकाळी सगळं ठीक. मी ठरवून टाकलं की ४५ अंशात राउटर तापतोय, आणि त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. टीव्ही रिसेट केला, सगळे पासवर्ड पुन्हा टाकत बसलो. आई दोन दिवस गप्प बघत होती, मग म्हणाली, "कूलर लागला का तुझा टीव्ही बंद पडते, पाह्यलं का?"

मग टीव्हीकडची वायर काढून लॅपटॉपला लावली. आयपी पत्ता (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा नंबर, तो राउटर देतो) आला १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे राउटरकडून काहीच मिळालं नाही आणि लॅपटॉपने आपल्या मनाने एक घेतला. टीव्ही निर्दोष. कपलर उघडला तर आत ओल, आणि दोन पिनांवर हिरवट थर. कूलरच्या खसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट त्याच्यात जात होतं. बर्डीच्या बाजारातून केबल टेस्टर आणला, त्यात प्रत्येक पिनेला एक दिवा असतो; तिसरा लागेना. शंभरच्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच पिना लागतात. ७ किंवा ८ गेली असती तर टीव्हीला पत्ताही लागला नसता.

नवी केबल अखंड २५ मीटर घेतली, मधे जोड नाही. शंभर मीटरपर्यंत चिंता नसते. दुकानदार आधी स्वस्तातली देत होता. तार ब्लेडने खरवडली, आतून पांढरी निघाली. वर तांब्याचा मुलामा, आत अॅल्युमिनियम, दोनदा वाकवली की तुटते. ती परत दिली. टोकं घरीच क्रिंप केली, म्हणजे कनेक्टर दाबून बसवले; तारांचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिली दोन टोकं वाया गेली. खिडकीबाहेर वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, आत येत नाही.

पावसाळ्यात दोन गोष्टी शिकलो. लाईन जाऊन आली की टीव्ही राउटरच्या आधी जागा होतो आणि 'नेटवर्क नाही' म्हणून बसून राहतो. राउटरला दोन-तीन मिनिटं द्यायची, मग टीव्हीचा प्लग काढून परत लावायचा. रिमोटने बंद-चालू केल्याने तो फक्त डुलकी घेतो. दुसरं, विजा कडाडल्या की वायर काढतो. घरात नेट आणणारा फायबर काचेचा आहे, पण माझी बाहेरच्या भिंतीवरची तार तांब्याची आहे. काढ-घाल करता करता ऑगस्टमध्ये कनेक्टरचा खटका तुटला. तेव्हापासून प्लग बसल्यासारखा दिसायचा आणि टीव्ही म्हणायचा, केबल जोडलेली नाही. पुन्हा क्रिंप.

एक आगाऊपणाही केला होता. टीव्हीत आयपी पत्ता हाताने भरला, १९२.१६८.१.५०. नेटवाल्यांनी राउटर बदलून दिला, त्याचे पत्ते १९२.१६८.० ने सुरू होणारे, आणि टीव्ही आंधळा. अर्धा रविवार त्यात गेला. आता सगळं 'ऑटोमॅटिक'वर आहे, पत्ता राउटरच देतो.

तक्रार एकच उरली. टीव्हीचं पोर्ट मागे, भिंतीकडे तोंड करून आहे. ढग आले की मी गालाने भिंत घासत, बोटांनी चाचपत तो प्लग शोधत असतो.